धावपट्टीवरची पहिली पावले : मेरी डिसूझा आणि आपल्या लेकी

थंडीच्या दिवसांत पुण्यातील शाळांच्या मैदानांवर वार्षिक क्रीडास्पर्धा भरतात. चुन्याच्या पांढऱ्या रेषा आखल्या जातात, मांडवात पालक बसतात आणि शंभर मीटरच्या शर्यतीत पाचवी-सहावीतली एखादी मुलगी सगळ्यांना मागे टाकून फीत तोडते. तिच्या पदकाचे छायाचित्र कुटुंबाच्या मोबाइलवर फिरते, आजी दृष्ट काढते, काका दुकानात आलेल्या ग्राहकालाही ते कौतुकाने दाखवतात. आठवीपर्यंत हे असेच चालते. नववीत शिकवणी सुरू होते, दहावीच्या वर्षी बूट माळ्यावर जातात, आणि पुढे त्या वेगाचे काय झाले हे घरात कोणी विचारीत नाही. मुलीला कोणी स्पष्ट शब्दांत नकार दिलेला नसतो. तिचे धावणे आपोआप थांबते, एवढेच.

हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या घरचा आहे. म्हणूनच पाऊणशे वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रातील एका मुलीचे धावणे थांबले नाही, ते का थांबले नाही, आणि त्यासाठी कोणाकोणाला हातभार लावावा लागला, याची हकिकत आज मुद्दाम सांगावीशी वाटते. ती मुलगी म्हणजे मुंबईच्या वांद्र्याची मेरी डिसूझा. स्वतंत्र भारताने ऑलिम्पिकला पाठविलेल्या पहिल्या चार महिलांपैकी ती एक. धावपटू म्हणून ती देशासाठी उतरलीच, शिवाय हॉकीतही भारताकडून खेळली.

दिल्लीतील पहिले आशियाई मैदान

मेरी डिसूझा यांचा जन्म १८ जुलै १९३१ रोजी वांद्रे येथील एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्या काळचे वांद्रे म्हणजे कौलारू घरे, चर्चची आवारे आणि मोकळी मैदाने यांचे उपनगर. तेथील ख्रिस्ती, पारशी आणि अँग्लो-इंडियन समाजांत मुलींनी मैदानावर उतरण्यास फारसा अटकाव नव्हता. देशातील महिला धावपटूंची पहिली पिढी मोठ्या प्रमाणावर याच समाजांतून आली, हा योगायोग मानता येणार नाही. वेग निसर्ग सर्वांच्याच मुलींना देतो. मैदानाची वाट मात्र घराने मोकळी करून द्यावी लागते.

४ मार्च १९५१ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा सुरू झाल्या. अकरा देशांचे ४८९ खेळाडू त्यांत सहभागी झाले होते. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, देशाची तिजोरी रिकामी होती, तरीही गुरुदत्त सोंधी यांच्यासारख्या क्रीडाप्रेमींच्या अट्टहासाने हा सोहळा घडून आला. मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनी पुरुषांच्या शंभर व दोनशे मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. महिलांच्या मैदानी स्पर्धांवर मात्र जपानी मुलींचे वर्चस्व होते. त्यांच्या देशात मुलींच्या खेळाची परंपरा तोवर तीन दशकांची झाली होती; आपल्याकडे ती नुकतीच सुरू होत होती.

अशा परिस्थितीत मुंबईच्याच रोशन मिस्त्री यांनी शंभर मीटरमध्ये रौप्यपदक मिळविले आणि एकोणीस वर्षांच्या मेरी डिसूझा यांनी दोनशे मीटरमध्ये कांस्यपदक. चार बाय शंभर मीटर रिले शर्यतीत या दोघी आणि पॅट मेंडोन्सा यांचा समावेश असलेल्या भारतीय चमूने रौप्यपदक पटकाविले. सिंथेटिक धावपट्टी, परदेशी प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ यांपैकी काहीही हाताशी नसताना मिळालेली ही पदके होती. त्यांचे मोल आजच्या तागडीत तोलता येणार नाही.

हेलसिंकीचे भाडे

पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे ऑलिम्पिक व्हायचे होते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच गेला, पण त्यात एकही महिला नव्हती. हेलसिंकीसाठी चार मुलींची निवड झाली. धावण्यासाठी मेरी डिसूझा आणि कोलकात्याची सतरा वर्षांची नीलिमा घोष; जलतरणासाठी मुंबईची डॉली नाझीर आणि अवघ्या अकरा वर्षांची आरती साहा. हीच आरती पुढे १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेली.

निवड झाली, पण प्रवासाचा खर्च कोणी करावयाचा हा प्रश्न होता. त्या काळी निवडपत्र हाती पडणे आणि जहाजाचे किंवा विमानाचे तिकीट हाती पडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. मेरी डिसूझा यांनी उतारवयात दिलेल्या मुलाखतींत या दिवसांची आठवण सांगितली आहे. मित्रमैत्रिणी आणि शेजारीपाजारी यांनी पुढाकार घेऊन पत्त्यांच्या खेळाचे व नृत्याचे कार्यक्रम भरविले, त्यांची तिकिटे विकली आणि त्या पैशातून या मुलीच्या प्रवासाला हातभार लावला.

आपल्या वाचकांना ही गोष्ट अपरिचित वाटू नये. कोणाच्या मुलाच्या शिक्षणासाठी, कोणाच्या आजारपणासाठी, एखाद्या धर्मशाळेसाठी वर्गणी गोळा करणे ही आपल्या पेठांची जुनी रीत आहे. वांद्र्याच्या शेजाऱ्यांनी तेच केले. फक्त त्यांनी ते एका मुलीच्या धावण्यासाठी केले, एवढाच फरक.

त्याच ऑलिम्पिकला कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव गेले, तेही असेच. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक महाराष्ट्राच्या नावावर लागले. मेरी पदकाविना परतल्या. पण दोघांच्याही मागे उभ्या राहिलेल्या माणसांना निकाल आधी ठाऊक नव्हता. त्यांनी पैसे दिले ते पदकासाठी दिले नाहीत. आपल्या माणसाला संधी मिळावी म्हणून दिले. व्यापाराच्या भाषेत बोलायचे तर ही परताव्याची हमी नसलेली गुंतवणूक होती, आणि तरीही तिच्यावाचून पुढचे काहीही घडले नसते.

मेरी डिसूझा यांचा एकविसावा वाढदिवस झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ जुलै १९५२ रोजी, हेलसिंकीच्या खेळांचे उद्घाटन झाले. त्या शंभर आणि दोनशे मीटर अशा दोन्ही शर्यतींत उतरल्या. नीलिमा घोष शंभर मीटर आणि ऐंशी मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत धावली. दोघींनाही पहिल्या फेरीपलीकडे जाता आले नाही. शंभर आणि दोनशे मीटरची सुवर्णपदके ऑस्ट्रेलियाच्या मार्जोरी जॅक्सन यांनी जिंकली. जगातील सर्वोत्तम धावपटू आणि आपण यांच्यात किती अंतर आहे हे भारतीय मुलींना त्या दिवशी प्रथम प्रत्यक्ष मोजता आले. अंतर मोजल्यावाचून ते कापता येत नाही. या अर्थाने हेलसिंकीचा पराभव ही पुढच्या प्रवासाची पहिली नोंद होती.

मनिलाचे सुवर्ण

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, फिलिपिन्सच्या मनिला शहरात दुसऱ्या आशियाई स्पर्धा झाल्या. चार बाय शंभर मीटर रिलेत भारताकडून ख्रिस्टिन ब्राउन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसूझा अशा चौघी धावल्या आणि त्यांनी सुवर्णपदक जिंकले. दिल्लीत जपानी मुलींच्या मागे राहिलेला भारत तीनच वर्षांत पहिल्या क्रमांकावर आला. आशियाई स्पर्धांत भारतीय महिलांनी मिळविलेले पहिले सुवर्णपदक म्हणून या पदकाचा उल्लेख केला जातो.

रिले ही शर्यत आपल्या संयुक्त कुटुंबांनी विशेष लक्ष देऊन पाहावी अशी आहे. चार वेगवान मुली एकत्र केल्या म्हणजे रिले जिंकता येत नाही. हातातील दांडी पुढच्या मुलीकडे आखून दिलेल्या पट्ट्यातच द्यावी लागते. पट्टा ओलांडला तर संघ बाद. दांडी घेणारी मुलगी मागे वळून पाहत नाही. ती धावू लागते, हात मागे करते आणि दांडी हातात येईलच या विश्वासावर वेग वाढवत जाते. देणारीने क्षणभर उशीर केला किंवा घेणारीने क्षणभर घाई केली, तर चौघींचीही मेहनत वाया जाते. वडिलांकडून मुलाकडे पेढी जाते तेव्हाही बहुधा असेच घडते.

हॉकी, आणि नसलेली ऑलिम्पिक स्पर्धा

मेरी डिसूझा यांची कारकीर्द धावपट्टीपुरती नव्हती. १९५३ मध्ये इंग्लंडमधील फोकस्टन येथे महिला हॉकीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, त्यात त्या भारताकडून खेळल्या. १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या स्पर्धेतही त्या संघात होत्या. दोन वेगवेगळ्या खेळांत देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तो काळच असा होता की चपळ मुलगी जो खेळ मिळेल तो खेळे. हिवाळ्यात हॉकी, शालेय स्पर्धांत धावणे, आणि वेळ आली तर वाळूच्या खड्ड्यात लांब उडीसुद्धा.

परंतु महिलांची हॉकी ऑलिम्पिकमध्ये आली ती १९८० च्या मॉस्को स्पर्धेत. म्हणजे मेरी यांच्या ऐन उमेदीच्या काळात त्यांच्या एका खेळाला ऑलिम्पिकचे दारच नव्हते. खेळाडू तयार आहे, पण खेळच यादीत नाही, ही खंत जगभरच्या अनेक महिला खेळाडूंच्या वाट्याला आली.

यातील सर्वांत हृद्य उदाहरण जपानच्या किनुए हितोमी यांचे. १९०७ साली जन्मलेली ही मुलगी धावपटू आणि लांब उडीपटू अशी दोन्ही होती. १९२६ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे महिलांच्या जागतिक स्पर्धेला जपानकडून ती एकटीच गेली आणि तिने लांब उडी जिंकली. १९२८ मध्ये तिने ५.९८ मीटरचा जागतिक विक्रम केला. त्याच वर्षी ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या मैदानी स्पर्धांना प्रथमच प्रवेश मिळाला, परंतु त्या मोजक्या पाच स्पर्धांत लांब उडी नव्हती. शंभर मीटरमध्ये हितोमी उपांत्य फेरीतच बाद झाली. रिकाम्या हाताने परतणे तिला मानवेना, म्हणून सरावात नसलेल्या आठशे मीटर शर्यतीत ती उतरली आणि रौप्यपदक घेऊन आली. जपानी महिलेचे ते पहिले ऑलिम्पिक पदक. तीनच वर्षांनी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, न्यूमोनियाने तिचे निधन झाले. १९५१ मध्ये दिल्लीत मेरी आणि रोशन यांना मागे टाकणाऱ्या जपानी मुली याच परंपरेच्या वारसदार होत्या.

महिलांची लांब उडी ऑलिम्पिकमध्ये आली ती १९४८ साली लंडनला. हंगेरीच्या ओल्गा ग्यारमाती यांनी ती प्रथम जिंकली. त्या वेळी लांब उडीचा जागतिक विक्रम नेदरलँड्सच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन यांच्या नावावर होता, पण त्यांनी उडीत भागच घेतला नाही. कारण एका खेळाडूला तीनच वैयक्तिक स्पर्धांत उतरण्याची मुभा होती. दोन मुलांची आई असलेल्या या तीस वर्षांच्या महिलेने शंभर मीटर, दोनशे मीटर, अडथळ्यांची शर्यत आणि रिले अशी चार सुवर्णपदके जिंकली. लग्न आणि मुले झाली की मुलीचे खेळणे संपले, असे मानणाऱ्यांनी हे एक नाव ध्यानात ठेवावे.

धाव आणि उडी यांचे नाते

वेगाने धावणारी मुलगी बहुधा चांगली लांब उडीही मारते, याचे कारण साधे आहे. लांब उडी म्हणजे धावण्याचा शेवट. तीस-चाळीस मीटरची धाव घेऊन खेळाडू एका लाकडी फळीवरून झेपावते. ही फळी जेमतेम वीस सेंटिमीटर रुंद असते. पाऊल फळीच्या पुढच्या कडेपलीकडे गेले तर उडी बाद. पाऊल अलीकडे पडले तर तेवढे अंतर फुकट जाते, कारण मोजमाप फळीच्या पुढच्या कडेपासूनच होते. मोजायचे ते वाळूत उमटलेल्या सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत. पडताना हात मागे टेकला तर मोजणी हाताच्या खुणेपासून होते आणि चांगली उडीही हातची जाते.

म्हणून उडीपटू आपली पावले मोजून घेते. कोणत्या खुणेपासून निघायचे, कितव्या पावलाला पूर्ण वेग गाठायचा, शेवटच्या दोन पावलांत शरीर किंचित खाली कसे आणायचे, याची शेकडो वेळा उजळणी होते. मैदानावर प्रत्येकीला तीन संधी मिळतात. त्यांतील पहिल्या आठजणींना आणखी तीन. पाठीमागून वाहणारा वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा अधिक असेल तर उडी कितीही लांब गेली तरी विक्रम म्हणून नोंदली जात नाही. शंभर मीटरच्या धावेलाही हाच नियम लागू आहे.

धावपटूजवळ वेग असतो, परंतु तो वेग नेमक्या जागी खर्च करण्याची शिस्त तिला फळी शिकवते. भारतात ही शिस्त सर्वांत यशस्वीपणे अंगी बाणवली ती केरळच्या अंजू बॉबी जॉर्ज यांनी. सात क्रीडाप्रकारांच्या हेप्टॅथ्लॉनपासून सुरुवात करून त्या लांब उडीकडे वळल्या. २००२ मध्ये बुसानच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले आणि २००३ मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत ६.७० मीटर उडी मारून कांस्यपदक. जागतिक मैदानी स्पर्धेतील ते भारताचे पहिलेच पदक. २००४ मध्ये अथेन्स ऑलिम्पिकमध्ये त्या ६.८३ मीटर गेल्या. आपण एकाच मूत्रपिंडावर ही सारी कामगिरी केली, हे त्यांनी २०२० मध्ये जाहीर केले तेव्हा देश थक्क झाला.

उशिरा आलेला मान

मेरी डिसूझा यांच्यानंतरची दुसरी डिसूझा म्हणजे मूळच्या गोव्याच्या स्टेफी. मनिलाच्या रिलेत त्या मेरी यांच्याबरोबर होत्या. १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत त्यांनी दोनशे मीटरमध्ये रौप्यपदक मिळविले. १९६४ मध्ये महिलांची चारशे मीटर शर्यत ऑलिम्पिकमध्ये प्रथमच झाली तेव्हा त्या तीत धावल्या. त्याही हॉकी खेळत आणि १९६३ मध्ये त्यांना मैदानी खेळांसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला.

मेरी यांच्या खेळाच्या काळात अर्जुन पुरस्कारच नव्हता. तो सुरू झाला १९६१ मध्ये. शासनाने त्यांना खेळातील आजीवन योगदानासाठीचा ध्यानचंद पुरस्कार दिला तो २०१३ मध्ये, म्हणजे हेलसिंकीनंतर एकसष्ट वर्षांनी. तेव्हा त्यांनी वयाची ब्याऐंशी वर्षे पूर्ण केली होती. इतका काळ ही महिला सार्वजनिक स्मृतीच्या बाहेरच राहिली. क्रिकेटपटूंची धावसंख्या तोंडपाठ असलेल्या आपल्या घरांत तिचे नाव किती जणांनी ऐकले असेल, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. समाज ज्यांची आठवण ठेवतो त्यांच्या मागून नवी माणसे येतात. ज्यांना तो विसरतो, त्यांची वाट पुन्हा नव्याने पाडावी लागते.

पुण्याची पुण्याई

मैदानी खेळांच्या बाबतीत पुण्याकडे मोठा वारसा आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना १९१९ मध्ये सर दोराबजी टाटा उपस्थित होते. तेथे अनवाणी धावणाऱ्या खेड्यातील धावपटूंचा वेग पाहून, यांना ऑलिम्पिकला का पाठवू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. स्वतःच्या खिशाला चाट लावून त्यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी छोटा भारतीय संघ उभा केला. त्या संघातील बेळगावकडचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा क्रमांक मिळविला. भारताची ऑलिम्पिक चळवळ एका उद्योजकाच्या तिजोरीतून आणि पुण्याच्या एका मैदानावरून सुरू झाली, ही गोष्ट व्यापारी समाजाने अभिमानाने सांगावी अशी आहे. आणि तिच्यातून आलेली जबाबदारीही ओळखावी अशी आहे.

१९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांच्या निमित्ताने बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा आणि २०१३ मध्ये आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा तेथेच झाली. या दुसऱ्या स्पर्धेत भारतीय महिलांनी चार बाय चारशे मीटर रिलेचे सुवर्णपदक जिंकले. मनिलाच्या चौघींचे स्मरण व्हावे असाच तो प्रसंग होता. पुण्याच्याच अवंतिका नराळे हिने २०१९ मध्ये हाँगकाँग येथील आशियाई युवा स्पर्धेत शंभर मीटरचे सुवर्णपदक मिळविले. सारसबागेजवळील सणस मैदानावर पहाटे फेरी मारली तर सरावाला आलेल्या मुलींचे घोळके आजही दिसतात. म्हणजे वारसा, मैदान आणि गुणवत्ता या तिन्ही गोष्टी याच शहरात उपलब्ध आहेत.

मग अडते कोठे?

स्पष्टच बोलायचे तर आपल्या घरांत पैसा अडसर नाही. धावणे आणि उडी मारणे हे खेळ तसे स्वस्तच आहेत. खिळ्यांच्या बुटांची एक जोडी, जवळपास मैदान आणि जाणता प्रशिक्षक एवढे पुरते. अडते ते अन्यत्र. उन्हात रंग काळवंडेल, पायांवर स्नायू दिसतील, धावण्याच्या तोकड्या कपड्यांत लोक काय म्हणतील, पुढे स्थळ पाहताना अडचण येईल, ही कुजबुज घरात मोठ्याने होत नाही. पण मुलीच्या कानांवर ती नेमकी पडते. मुलगा क्रिकेटच्या शिबिरासाठी दोन महिने दुकानात आला नाही तर चालते. मुलगी जिल्हास्पर्धेसाठी तीन दिवस बाहेरगावी जाणार म्हटले की घरात बैठक बसते.

यावर वादविवाद करण्यापेक्षा काही साध्या गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. मुलीला चांगली गती आहे असे शाळेच्या शिक्षकांनी सांगितले, तर तिला जिल्हा ॲथलेटिक्स संघटनेशी संलग्न असलेल्या प्रशिक्षकाकडे न्यावे. चौदा, सोळा, अठरा आणि वीस वर्षांखालील असे वयोगट असल्याने जन्माचा मूळ दाखला जपून ठेवावा. वयाच्या कागदपत्रांतील घोळामुळे चांगल्या खेळाडूंना स्पर्धेपासून मुकावे लागते. वाढीच्या वयात भाराचा सराव आणि उड्यांचा अतिरेक टाळावा. गुडघा किंवा टाच दुखत असल्याची तक्रार हे सरावाचे निमित्त समजून झटकून टाकू नये. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांत संध्याकाळच्या सरावाची अडचण होते, तेव्हा पहाटेची वेळ ठरवून घ्यावी. डाळी, कडधान्ये, दूध, दही, शेंगदाणे यांचे प्रमाण वाढवावे आणि रक्तातील लोह अधूनमधून तपासून घ्यावे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, याचीही माहिती असावी. अर्थात खेळाकडे केवळ सवलतीचे साधन म्हणून पाहू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हरण्याची मुभा द्यावी. व्यापारात पहिल्या वर्षी नफा झाला नाही म्हणून कोणी दुकान बंद करीत नाही. दोन-तीन वर्षे तोटा सोसून बाजार समजून घेतला जातो. मुलगी मात्र पहिल्या जिल्हास्पर्धेत पाचवी आली की घरातले म्हणतात, झाले तेवढे पुरे, आता अभ्यास बघ. मेरी डिसूझा हेलसिंकीत पहिल्या फेरीतच बाद झाल्या. त्या परतल्यावर त्यांच्या माणसांनी एवढ्या पैशांचे काय झाले असा हिशेब मांडला असता, तर दोन वर्षांनंतरचे मनिलाचे सुवर्ण कदाचित आलेच नसते.

समाज म्हणूनही आपण काही करू शकतो. आपल्या संस्थांचे शिष्यवृत्ती निधी आहेत, वसतिगृहे आहेत. गुणवत्ता यादीतील विद्यार्थ्यांचे सत्कार दरवर्षी होतात, पेढे वाटले जातात. त्याच व्यासपीठावर राज्यस्तरापर्यंत पोहोचलेल्या धावपटू मुलीलाही बोलवावे. तिच्या प्रवासाचा, प्रशिक्षणाचा, बुटांचा खर्च एखाद्या निधीतून व्हावा, आणि ती मुलगी आपल्याच समाजाची असली पाहिजे असा आग्रहही नसावा. दोराबजी टाटांनी अँटवर्पला पाठविलेले धावपटू त्यांच्या जातीचे किंवा धर्माचे नव्हते.

माळ्यावर ठेवलेले बूट पुढच्या वर्षी मुलीला लहान होतात. पाय वाढत असतात, वेगही वाढू पाहत असतो, आणि वय कोणासाठी थांबत नाही. तेरा ते अठरा ही पाचच वर्षे धावपटूच्या पायाभरणीची असतात. ती गेली की पुढे कितीही पैसा ओतून परत मिळत नाहीत. यंदाच्या क्रीडास्पर्धेत आपल्या घरातील एखादी मुलगी फीत तोडून आली, तर छायाचित्र जरूर काढावे, दृष्टही काढावी. मग तिला जवळ बसवून एकच विचारावे : ‘बाळ, तुला पुढे धावायचे आहे का?’ तिने हो म्हटले, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्याबरोबर मैदानापर्यंत जावे. वांद्र्याच्या शेजाऱ्यांनी एका मेरीसाठी याहून कितीतरी अधिक केले होते.